बोरमाळचा सरकलेला पंखा

बिदर शहराच्या कडेला नौबादमधल्या आमच्या घरी पाहुणे आले की माझी ओळख करून देताना सासूबाई सांगायच्या, "आमची सून वाऱ्याची परवानगी काढती." पाहुणे आधी हसायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मी हसत नाही हे पाहून चहा प्यायला लागायचे. सासूबाई थट्टा करत नसत. त्यांच्या ओळखीतल्या सुना शाळेत शिकवायच्या, बँकेत बसायच्या, नाहीतर दुकानात गल्ल्यावर असायच्या. मी यातलं काहीच करत नव्हते, आणि सकाळी दारात जीप येऊन मला घेऊन जायची. शेजारणींना काहीतरी सांगणं भाग होतं. त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या नेमणुकीच्या पत्रातल्या लांबलचक हुद्द्यापेक्षा ते जास्त बरोबर होतं.

पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत मी परवानग्यांचं काम केलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, पवनचक्की म्हणजे इंजिनिअरांचा खेळ. उभी करतात तेच. पण पहिला खड्डा खणायच्या आधी जे काही घडतं, ते माझ्यासारखी माणसं करतात. वारा फुकट असतो, पण तो जिथून वाहतो ती जमीन कुणाची तरी असते. माळावर आधी एक उंच खांब रोवून सगळे ऋतू वारा मोजतात. तो पुरेसा निघाला तर सरकार तो माळ ठराविक मुदतीसाठी कंपनीकडे राखून ठेवतं. त्या मुदतीत बाकी सगळं उरकायचं. शेतकऱ्याची जागा घ्यायची, तिचा बिगरशेती वापर जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यायचा, वनखात्याचं ना-हरकत, तारा नेण्याची परवानगी, पाती वाहणाऱ्या लांबलचक गाड्या जातील अशा रस्त्यांची परवानगी. आमच्या बिदरच्या आकाशात हवाई दलाची शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, म्हणून प्रत्येक पवनचक्कीची जागा आणि उंची हवाई दलाकडूनही तपासून आणायची. आणि या सगळ्यांत अवघड म्हणजे ग्रामसभा.

कागद कन्नडमध्ये, त्यांच्याखालचे जुने कागद उर्दूत, शेतकरी मराठीत बोलणार आणि वरिष्ठ इंग्रजीत विचारणार. महाराष्ट्रातल्या वाचकांना सातबारा ठाऊक असतो, आमच्याकडे त्याला पहाणी म्हणतात. माझ्या माहेरी आडत दुकान होतं, त्यामुळे तिन्ही-चारी भाषा मला गल्ल्यावर बसूनच आल्या. नोकरीत माझ्या वकिलीच्या पदवीचा जेवढा उपयोग झाला, तेवढाच त्या गल्ल्याचा झाला.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. आमच्याकडे पवनचक्कीला कुणी पवनचक्की म्हणत नाही, पंखा म्हणतात. निंबर्ग्याच्या एका शेतकऱ्यानं मला अगदी मनापासून विचारलं होतं की पंख्याचं तोंड त्याच्या कांद्याच्या चाळीकडे करता येईल का, म्हणजे कांदा सडणार नाही. पंखा वारा देत नाही, वारा घेतो, हे समजावून सांगता सांगता माझी दुपार गेली. शेवटी तो म्हणाला, मग पंखा कामून म्हणायलाव? कोहिनूर गावच्या एका आजींनी त्यांच्या शेतातल्या पंख्याला आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. कंपनीच्या नकाशावर त्याला आकडा होता, पण आम्ही सगळे, अगदी दुरुस्तीवाली पोरंसुद्धा, त्याला आजींच्या आईच्या नावानंच ओळखायचो.

पण मला सांगायचं आहे ते बोरमाळचं.

बोरमाळ हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं अगदी काठावरचं गाव. गावाच्या उत्तरेला लाल मुरमाचा लांबच लांब माळ आहे. माळावरून चालत गेलं की मध्येच कुठंतरी जिल्हा बदलतो आणि आपण बिदरमध्ये, बसवकल्याण तालुक्यात शिरतो. वारा तिथे इतका की जीपचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागत. आमच्या इंजिनिअरांना तो माळ फार आवडला होता. बिदरकडच्या गावानं आपल्या हद्दीतल्या पंख्यांना ग्रामसभेत मंजुरी दिली होती. बोरमाळच्या बाजूचं जिल्हाधिकाऱ्यांचं कामही झालं होतं. बोरमाळची ग्रामसभा तेवढी राहिली होती, आणि ती दोनदा भरून दोनदा उधळली गेली होती.

उधळणारा माणूस एकच होता, सिद्रामप्पा. सत्तरीचा, ताठ, डोक्याला पांढरा पटका, गळ्यात इष्टलिंग, आवाज असा की त्याला कधी माइक लागला नाही. त्याची वस्ती गावात नव्हती, माळाच्या कडेला होती. पाच घरं, सगळी भावकी, तूर आणि ज्वारीची शेती. त्याचं म्हणणं साधं होतं. पंखे ढग हाकलतात. "गदगकडं पंखे लागलेत तवापासनं तिकडं पाऊस न्हाई म्हणायलेत. आमच्या माळाला वर्षाला मोजका पाऊस. तो बी तुमी हाकलणार?"

कंपनीनं आधी एका तज्ज्ञाला पाठवलं होतं. त्यांनी पडद्यावर ढगांची चित्रं दाखवली. गावानं चहा दिला, चित्रं बघितली आणि नकार दिला. मग मला पाठवलं.

मी पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना भेटले. महानंदाक्का नावाच्या बाई होत्या. त्यांचं किराणा दुकान होतं आणि गिऱ्हाइकाला साखर देता देताच त्या माझ्याशी बोलल्या. त्यांचा स्वतःचा विरोध नव्हता. पण गावात फूट पडेल अशा कागदावर सही करणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग मी वस्तीवर गेले. सिद्रामप्पांनी मला बाजेवर बसवलं, त्यांच्या बायकोनं, गुरुबाईंनी, ताक दिलं. मी त्यांना म्हणाले, "अप्पा, पंख्यानं पाऊस जात न्हाई असं मी सांगितलं तर तुमी ऐकू नका. मी कंपनीचा पगार खाते. गदगकडं जाऊ. तिथल्या लोकांना तुमीच विचारा. मी गाडीतून उतरणार न्हाई."

बहुधा असा सौदा त्यांना आधी कुणी सांगितला नव्हता. ते म्हणाले, येतो.

पुण्यात आमचे प्रकल्पप्रमुख होते, देसाईसाहेब. त्यांना हे अजिबात आवडलं नाही. तिथले शेतकरी काय बोलतील याचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, भरवसा नाही म्हणूनच बोरमाळकर विश्वास ठेवतील. त्यांनी गावकऱ्यांना नेण्यासाठी बसचा खर्च मंजूर केला, पण नाखुशीनं. इकडे महानंदाक्कांनी वेगळीच अट घातली. बसमध्ये अर्ध्या बायका पाहिजेत. "पाणी आमी भरतो. पावसाचं कमीजास्त आमालाच आधी कळतंय."

आम्ही निघालो. गदगच्या अलीकडे डोंगराच्या कडेनं पंखे दिसायला लागले तशी सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाली. जिथं सिद्रामप्पा सांगतील तिथं बस थांबायची. ते बांधावर काम करणाऱ्या माणसाला गाठायचे, कन्नडमध्ये विचारायचे, बायका विहिरीवरच्या बायकांकडे जायच्या. मी ठरल्याप्रमाणे खिडकीशी बसून राहायचे. लांबून हातवारे दिसायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत.

संध्याकाळपर्यंत त्यांनी इतक्या लोकांना विचारलं की आमचा ड्रायव्हर कंटाळला. उत्तरं मला महानंदाक्कांकडून कळली. पाऊस पूर्वी जसा लहरी होता तसाच आहे. काही वर्षं ओढ दिली, काही वर्षं ओढे वाहिले. पंखे लागायच्या आधी बेंदराच्या सुमाराला जसं आभाळ भरायचं तसं आताही भरतं. एका म्हाताऱ्यानं तर सिद्रामप्पांनाच विचारलं होतं की तुमच्याकडं पंखे न्हाईत, तर तुमच्याकडं लई पाऊस पडतो का? यावर बायका हसल्या होत्या. सिद्रामप्पा हसले नव्हते. त्या रात्री आमचा मुक्काम एका मठात होता आणि तिथल्या पंगतीत ते माझ्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला जाऊन बसले. मला वाटलं, जिंकलो.

सकाळी परत निघताना एका घरापाशी चहासाठी थांबलो. घर पंख्यापासून फार लांब नव्हतं. सूर्य पंख्याच्या मागून वर आला आणि फिरणाऱ्या पात्यांची सावली त्या अंगणातून जायला लागली. उजेड, काळोख, उजेड, काळोख. अंगणात, भिंतीवर, चुलीवर, सगळ्यांच्या कपांवर. एकसारखं. घरातल्या बाईनं दाराला गोणपाट लावलं होतं. ती महानंदाक्कांना म्हणाली की थंडीच्या दिवसांत रोज सकाळी असं होतं, तान्ह्या नातवाला मागच्या खोलीत घेऊन बसावं लागतं, सावली सरकली की मग बाहेर येतो. तिची कुणाबद्दल तक्रार नव्हती. सवय झाली, एवढंच म्हणाली.

सिद्रामप्पा त्या अंगणात बसले. सावली पुरती निघून जाईपर्यंत तिथून उठले नाहीत. चहा तसाच गार झाला. मग ते बसपाशी आले, माझ्या खिडकीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, पावसाचं सोडून दिलं मी. आता मला सांग, माझ्या वस्तीच्या उगवतीला कुठला पंखा हाय?"

मी नकाशा उघडला. खरं सांगते, उघडायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं.

वस्तीच्या आग्नेयेला एक पंखा होता. थंडीत सूर्य बरोबर तिकडूनच वर येतो. अंतर नियमात बसत होतं, सगळे शिक्के होते. नकाशावर मात्र त्या वस्तीच्या जागी नुसती शेतजमीन दाखवलेली होती, कारण घरं शेतातच बांधलेली होती आणि सरकारी कागदावर ती घरं म्हणून कधी चढलीच नव्हती. मी आमच्या पुण्यातल्या निखिल नावाच्या इंजिनिअरला फोन करून त्या पंख्याच्या सावलीचं गणित करायला सांगितलं. त्यानं संगणकावर करून कळवलं. सावली वस्तीवर पडणार होती. थंडीत, रोज सकाळी, पाचही घरांवर.

देसाईसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यापुढे मुदत होती. ती संपली तर पूर्ण माळ हातचा जाणार होता. ते म्हणाले, "शैलजाबाई, पावसाची शंका मिटली ना? मग ग्रामसभा घ्या. मंजूर झालेली जागा सोडून कोणी जातं का? सावलीचं आपण नंतर बघू, झाडं लावू."

मी म्हटलं, "साहेब, त्या माळावर बाभूळ कंबरेच्या वर वाढत नाही. झाडं सूर्य अडवायच्या आत सिद्रामप्पा जातील. मी हा नकाशा घेऊन ग्रामसभेत जाणार नाही. दुसरं कुणी जाणार असेल तर जाऊ द्या."

माझी मोठी मुलगी तेव्हा हुबळीला शिकत होती, घराचा हप्ता चालू होता. ही नोकरी गेली तर बिदरमध्ये माझ्यासारखीला दुसरी मिळणार नव्हती. शेवटी साहेब म्हणाले, "पंखा हलवून दाखवा. मुदतीत बसलं तर मी सही करतो. नाही बसलं तर तुम्ही आणि मी दोघंही घरी."

पंखा हलवायचा म्हणजे खुर्ची हलवायची नव्हती. निखिलनं पुन्हा वारा, सावली, बाकीच्या पंख्यांपासूनचं अंतर सगळं मांडलं आणि एकच जागा निघाली. थोडी उत्तरेला, माळाच्या खालच्या टप्प्यावर. वारा किंचित कमी, पण चालण्यासारखा. तिथून सावली वस्तीला सोडून मोकळ्या शेतांवर पडत होती. अडचण एवढीच की ती जागा शिवेला चिकटून होती. शिवेच्या अलीकडे निघाली तर बोरमाळचं गायरान, म्हणजे गावच्या जनावरांची चराई, तिथं पंखा उभा करता येत नाही. पलीकडे निघाली तर बिदर जिल्ह्यातलं खाजाभाई नावाच्या शेतकऱ्याचं शेत. मग बिदरच्या बाजूची परवानगी पहिल्यापासून, आणि विमानांसाठीची तपासणीही नव्यानं.

आधी खाजाभाईंकडे गेले. या माणसाला आम्ही पूर्वी नाही म्हटलं होतं. त्यांचं शेत खालच्या टप्प्यावर असल्यानं वारा कमी भरला होता, आणि कंपनीच्या माणसांनी त्यांना ते नीट समजावूनही सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याच्या शेतात पंखा आणि आपल्या नाही, हे त्यांना लागलं होतं. ते म्हशींना पाणी पाजत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहले नक्को बोले तुम लोगां. अब कायकू आये?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वारा, सावली, वस्ती, काहीच लपवलं नाही. सिद्रामप्पांचं नाव ऐकल्यावर त्यांनी वर बघितलं. त्या दोघांचं बोलणं नव्हतं. कुठल्याशा बैलांच्या भांडणावरून बंद झालं होतं. मला वाटलं, झालं, इथंच संपलं. खाजाभाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं की सावली माझ्या घरावर येईल का. त्यांचं घर गावात होतं, मैलभर लांब. येणार नव्हती, ती शेताच्या बांधावर पडणार होती. मग ते म्हणाले, "बुढ्ढा झगडालू है. मगर सुबू का सूरज उसका भी है. लगाव."

त्यांची एकच अट होती. पंख्यापर्यंत कंपनी जो रस्ता करील तो सगळ्यांच्या बैलगाड्यांना कायम खुला राहावा. मी ती त्यांच्यासमोर लिहून घेतली.

आता शीव. शिवेचा दगड माळावर कुठंतरी मुरमात गाडला गेला होता, वर्षानुवर्षं कुणाला त्याची गरजच पडली नव्हती. दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी रास्तच सांगितलं की दोन्हीकडच्या मोजणीदारांनी एकत्र मोजल्याशिवाय कुणीच काही लिहून देणार नाही. एकत्र म्हणजे एकाच दिवशी, एकाच माळावर. कलबुर्गीचे मोकळे असत तेव्हा बिदरचे दुसऱ्या तालुक्यात, बिदरचे तयार तेव्हा कलबुर्गीचे निवडणुकीच्या कामात. मी सकाळी कलबुर्गीला आणि दुपारी बिदरला असं कितीदा केलं असेल. एका कचेरीतल्या शिपायानं तर माझ्यासाठी बाकड्याची एक जागा राखूनच ठेवली होती. शेवटी एक दिवस ठरला.

त्या दिवशी माळावर जत्रा भरल्यासारखी माणसं आली. बोरमाळची आली, पलीकडच्या गावची आली. बायकांनी ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीपल्ल्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी बांधून आणली होती. देसाईसाहेबही पुण्याहून येऊन उन्हात उभे होते. सिद्रामप्पा एका बाजूला, खाजाभाई दुसऱ्या बाजूला. मोजणीदारांनी तिपाईवर यंत्र लावलं. एक जण उभा राहून बघायचा, दुसरा काठी घेऊन दूर जायचा. दुपार झाली तरी आकडे जुळेनात. मग बिदरच्या मोजणीदारानं दोन ठिकाणांहून पुन्हा मोजून सांगितलं की दगड असला तर या बोरीच्या जाळीखाली असणार.

जाळी काटेरी, दाट. कोयता सिद्रामप्पांच्या हातात होता. ते पुढे झाले. दुसऱ्या बाजूनं खाजाभाईंनी कुऱ्हाड घेतली. दोघं एकमेकांकडे न बघता जाळी तोडत राहिले. जाळी मोकळी झाल्यावर पहारीनं उकरलं तसा दगडाचा माथा लागला. तासलेला, वर कोरलेली खूण. सिद्रामप्पांनी तळहातानं माती पुसली आणि खाजाभाईंना म्हणाले, "बघ, तुझा बी हाय, माझा बी हाय." त्या दोघांचं बोलणं तिथं सुरू झालं.

दगडापासून मोजलं. ठरलेली जागा खाजाभाईंच्या शेतात पडत होती. एखादी एसटी उभी राहील एवढं अंतर शिवेपासून राखून. गायरान सुरक्षित. मोजणीदारांनी दोघांनी सह्या केल्या आणि मी खाली मुरमावर बसून घेतलं. महानंदाक्कांनी माझ्या हातात भाकरी दिली. देसाईसाहेब माझ्या शेजारीच मांडी घालून बसले आणि पुंडीपल्ल्याची भाजी दोनदा मागून घेतली.

त्यानंतरची ग्रामसभा देवळापुढच्या पटांगणात झाली. उभं राहायला जागा नव्हती. मी नवा नकाशा भिंतीला लावला आणि बसले. महानंदाक्कांनी विचारलं, कुणाचं काही म्हणणं असेल तर आता सांगा. सगळ्यांचे डोळे सिद्रामप्पांकडे वळले. ते उठले, पटका सारखा केला.

"दोनदा ही सभा मी मोडली," ते म्हणाले. "पावसाचं माझं चुकलं होतं. ते मी गदगला जाऊन बघून आलो. सावलीचं चुकलं न्हवतं, ते तुमी बी बघितलाव. पंखा सरकवला त्यांनी. आता माझं काही म्हणणं न्हाई. पण आमची पाच घरं नकाशावर आली पायजेत. घरं म्हणून. तेवढं लिहून घ्या, अन् मग करा सही."

महानंदाक्कांनी ठरावात ते लिहून घेतलं. ग्रामपंचायतीनं पुढे घरांची नोंद केली, आणि कित्येक वर्षं वीज मीटरसाठी खेटे घालणाऱ्या त्या वस्तीला नोंद झाल्यावर मीटरही मिळाले. हे माझ्या कामात कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या सगळ्या परवानग्यांमध्ये मला हीच सगळ्यात आवडते. ठराव हात वर करून झाला. हात इतके होते की मोजायची गरज पडली नाही.

बिदरच्या बाजूच्या परवानग्या त्यामागून आल्या, आणि विमानांसाठीची तपासणी सर्वांत शेवटी. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते आणि मी घरी डाळीला फोडणी देत होते. निखिलचा फोन आला, मंजूर. सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, काय झालं, रडायलीस कामून? मी म्हटलं, वाऱ्याची परवानगी निघाली. त्यांनी लगेच बसवण्णांच्या तसबिरीपुढे साखर ठेवली आणि शेजारी सांगायला गेल्या.

पाती आली तेव्हा बोरमाळची शाळा मास्तरांनी अर्ध्या दिवसानं सोडली. एवढं लांब काहीतरी वळणावरून हळूहळू वळताना गावानं पहिल्यांदाच बघितलं. महानंदाक्का दुकान उघडं टाकून रस्त्यावर उभ्या होत्या आणि ड्रायव्हरला डावं-उजवं सांगत होत्या. पंखे एकेक करून उभे राहिले. खाजाभाईंच्या शेतातला शेवटी.

माळ पूर्वीसारखा राहिला नाही, हेही खरंच आहे. अंधार पडला की टोकाटोकाला लाल दिवे लागतात. पूर्वी तिथं नुसत्या चांदण्या असायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी आणि हे स्कूटरवर त्याच बाजूनं बसवकल्याणला गेलो होतो, तेव्हाचा तो मोकळा माळ मला कधीकधी आठवतो आणि वाईट वाटतं. वीज पाहिजे तर पंखे पाहिजेत, हे मी लोकांना इतकी वर्षं सांगत आले. ते अजूनही मला पटतं. वाईट वाटायचं राहत नाही, एवढंच.

पहिल्याच थंडीत मी मुद्दाम सकाळी वस्तीवर गेले. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गणित गणित असतं, पण भिंत ती भिंत. सूर्य वर आला. वस्तीच्या पाचही घरांवर कोवळं ऊन पडलं, सरळ, न हलणारं. गुरुबाईंनी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या लाल चमकत होत्या. सून बाळाला तेल लावत उन्हात बसली होती. पात्यांची सावली दूर खाजाभाईंच्या बांधावरून फिरत होती. तिथं त्यांनी म्हशी बांधल्या होत्या. म्हशींना कसलीच फिकीर दिसत नव्हती. बांधावरून खाजाभाईंनी हात वर केला आणि ओरडून सांगितलं की कंपनीनं माझ्या म्हशींना पंखा लावून दिला. सिद्रामप्पा मनापासून हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

मी निघाले तेव्हा त्यांनी अडवलं. गुरुबाईंनी चुलीवर तवा ठेवला होता. मी घड्याळ बघितलं, म्हणाले, अप्पा, तहसीलमध्ये जायचंय, उशीर होईल.

"बस," ते म्हणाले. "भाकरी खाऊन जा. त्याला परवानगी लागत न्हाई."